विश्लेषण : हौशी वैमानिकाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत संपली, तर विमानाचा विमा मिळतो का?

शनिवारी सकाळी स्वतःचे छोटे विमान काढायचे, दीड-दोनशे किलोमीटरवरच्या एखाद्या धावपट्टीवर उतरून न्याहारी करायची आणि दुपारपर्यंत घरी परतायचे. अमेरिकेत हा छंद जोपासणारे हजारो लोक आहेत. त्यात डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, निवृत्त शिक्षकही आहेत. समजा, यांपैकीच ६२ वर्षांचा एक वैमानिक चार आसनी विमान उतरवत आहे. बाजूने वाऱ्याचा जोरदार झोत येतो, विमान धावपट्टीवरून घसरते, एक पंख आणि प्रोपेलर मोडतो. सुदैवाने कोणालाही इजा नाही. वैमानिकाची तब्येतही ठणठणीत आहे. मात्र विमा कंपनीचा तपासनीस कागदपत्रे मागतो, तेव्हा त्यातल्या एकाची मुदत पाच आठवड्यांपूर्वीच संपल्याचे दिसते. ते असते वैमानिकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र. वाऱ्याचा आणि या कागदाचा काडीचाही संबंध नाही. तरीही दावा फेटाळला जाऊ शकतो. असे का होते? आणि अमेरिकेने हौशी वैमानिकांसाठी वैद्यकीय तपासणीचे नियम सैल केल्यानंतर विम्याचे चित्र बदलले का?

वैद्यकीय प्रमाणपत्र कोणाला लागते?

अमेरिकेत नागरी उड्डाणाचे नियमन फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन म्हणजे ‘एफएए’ करते. तिथे वैद्यकीय प्रमाणपत्राचे तीन वर्ग आहेत. पहिला वर्ग विमान कंपन्यांच्या कॅप्टनसाठी, दुसरा इतर व्यावसायिक वैमानिकांसाठी आणि तिसरा खासगी, म्हणजे पैसे न घेता विमान उडवणाऱ्यांसाठी. वैमानिकाचा परवाना एकदा मिळाला की तो कालबाह्य होत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत मात्र संपते. तपासणीच्या दिवशी वय ४० पेक्षा कमी असेल, तर तिसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र ६० महिने चालते. चाळिशी गाठली की ही मुदत २४ महिन्यांवर येते.

ही तपासणी कोणताही डॉक्टर करू शकत नाही. ‘एफएए’ने नेमलेल्या विमान-वैद्यक तपासनीसाकडेच जावे लागते. त्याआधी ऑनलाइन अर्जात जुने आजार, शस्त्रक्रिया, चालू औषधे, मागील तीन वर्षांत डॉक्टरांकडे दिलेल्या भेटी, मद्यपान करून गाडी चालवल्याचे गुन्हे अशी सगळी माहिती द्यावी लागते. तपासणीत दृष्टी, श्रवण, रक्तदाब, हृदय, मज्जासंस्था आणि मानसिक आरोग्य पाहिले जाते. सगळे ठीक असेल, तर प्रमाणपत्र तिथेच हातात पडते. काही शंका आली, तर प्रकरण ‘एफएए’कडे जाते. मग चाचण्या, अहवाल आणि पत्रव्यवहार यांत कित्येक महिने निघून जातात. हृदयविकाराचा झटका, अपस्मार, इन्सुलिनवर असलेला मधुमेह असे काही आजार नियमानुसार अपात्र ठरवणारे आहेत. त्यातल्या अनेकांना ‘विशेष मंजुरी’ मिळू शकते, पण ती ठरावीक काळासाठी असते आणि दर वेळी नव्या अहवालांची मागणी होते.

‘बेसिकमेड’ काय आहे?

हा खर्च आणि खोळंबा छंद म्हणून उडणाऱ्यांना जाचक वाटत होता. हौशी वैमानिकांच्या संघटनांनी अनेक वर्षे पाठपुरावा केल्यानंतर जुलै २०१६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून पर्यायी मार्ग खुला केला. १ मे २०१७ पासून तो अमलात आला. त्यालाच ‘बेसिकमेड’ म्हणतात.

या मार्गाने जाणाऱ्या वैमानिकाकडे अमेरिकेतील वैध वाहन चालवण्याचा परवाना असावा लागतो. १४ जुलै २००६ नंतर कधी ना कधी त्याच्याकडे वैध वैद्यकीय प्रमाणपत्र असले पाहिजे. म्हणजे अगदी नवख्या वैमानिकाला किमान एकदा विमान-वैद्यक तपासनीसाची पायरी चढावीच लागते. त्यानंतर दर चार वर्षांनी राज्याचा परवाना असलेल्या कोणत्याही डॉक्टरकडून, अगदी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडूनही, ठरावीक तपासणी यादीनुसार तपासणी करून घ्यायची. दर दोन वर्षांनी आरोग्याविषयीचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा द्यायची. तपासणी यादी ‘एफएए’कडे पाठवायची नसते, वैमानिकाने ती आपल्या नोंदवहीसोबत जपून ठेवायची आणि मागितल्यावर दाखवायची.

मात्र काही गंभीर आजारांना इथेही सूट नाही. हृदयविकाराचा झटका, उपचार करावे लागलेला हृदय-धमन्यांचा आजार, हृदयाची झडप बदलणे, हृदय प्रत्यारोपण, अपस्मार, कारण न सापडलेली बेशुद्धी, मनोविकृती, द्विध्रुवी विकार किंवा व्यसनाधीनता यांपैकी काही घडले असेल, तर त्या आजारासाठी आधी एकदा ‘एफएए’कडून विशेष मंजुरी घ्यावी लागते. त्यानंतरच ‘बेसिकमेड’चा रस्ता मोकळा होतो.

मर्यादा कोणत्या? २०२४ मध्ये काय बदलले?

सुरुवातीला ‘बेसिकमेड’वर सहा माणसांपर्यंतचे आणि ६,००० पौंड (सुमारे २,७०० किलो) वजनापर्यंतचेच विमान उडवता येत होते. मे २०२४ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने ही मर्यादा वाढवली. नोव्हेंबर २०२४ पासून सात जणांपर्यंतचे आणि १२,५०० पौंड (सुमारे ५,६७० किलो) वजनापर्यंतचे विमान चालते. त्यात वैमानिक धरून सात, म्हणजे प्रवासी सहा. उड्डाण १८,००० फुटांच्या वर जाऊ नये, वेग २५० नॉटपेक्षा (ताशी सुमारे ४६० किलोमीटर) जास्त नसावा आणि उड्डाणासाठी मोबदला घेऊ नये, या अटी कायम आहेत. ही सवलत मुळात अमेरिकेच्या हद्दीपुरती आहे. बहामाज, मेक्सिको अशा मोजक्या देशांनी ती मान्य केली आहे. त्यामुळे सीमा ओलांडण्यापूर्वी त्या देशाचा नियम पाहावाच लागतो.

सुरक्षेचे काय, हा प्रश्न सुरुवातीपासून विचारला गेला. ‘एफएए’ने काँग्रेसला सादर केलेल्या अहवालात ‘बेसिकमेड’वरचे वैमानिक आणि तिसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र असलेले वैमानिक यांच्या अपघातांच्या जोखमीत लक्षणीय फरक आढळला नाही. याशिवाय ‘स्पोर्ट पायलट’ हा वर्ग २००४ पासून आहे. त्यात लहान विमानासाठी वाहन परवाना हाच वैद्यकीय पात्रतेचा पुरावा मानला जातो. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नव्या नियमांनी या वर्गात बसणाऱ्या विमानांची व्याप्ती बरीच वाढवली.

मुदत मोजण्यात मेख कुठे आहे?

वाद होतात ते बहुतेक वेळा तारखांवरून. तिसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालते. ४५ वर्षांच्या वैमानिकाची तपासणी १२ मार्च २०२४ रोजी झाली असेल, तर प्रमाणपत्र ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध राहते. ‘बेसिकमेड’च्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची मुदतही अशीच महिनाअखेरीस संपते. डॉक्टरांच्या तपासणीचे ४८ महिने मात्र तारखेला तारीख जोडून मोजले जातात. १२ मार्चला तपासणी झाली असेल, तर चार वर्षांनी १२ मार्च उलटल्यावर ती ग्राह्य नाही; महिन्याचे उरलेले दिवस मिळत नाहीत. म्हणजे एकाच वैमानिकाच्या दोन कागदांना दोन वेगळे हिशेब लागू होतात. महिनाअखेरीच्या भरवशावर १५ तारखेला उडणारा माणूस नकळत नियम मोडतो.

दुसरी मेख वाहन परवान्यात आहे. मद्यपान करून गाडी चालवल्यामुळे किंवा अन्य कारणाने तो निलंबित झाला, तर ‘बेसिकमेड’ही त्याच क्षणी निरुपयोगी ठरते. वाहन परवान्यावर चष्म्याची अट असेल, तर ती विमानातही लागू होते.

विमानाच्या विम्यात नेमके काय असते?

खासगी विमानाच्या पॉलिसीचे दोन मुख्य भाग असतात. पहिला विमानाच्या नुकसानीचा. व्यवसायात त्याला ‘हल’ विमा म्हणतात. मोटारीच्या विम्यात दर वर्षी घसारा वजा होऊन किंमत ठरते. विमानाच्या बाबतीत बहुधा ‘मान्य किंमत’ पॉलिसीतच लिहिलेली असते. विमान पूर्ण निकामी झाले, तर तेवढी रक्कम मिळते. हप्ता वाचवण्यासाठी ही किंमत कमी लिहून घेणे अंगाशी येऊ शकते. बाजारात दीड लाख डॉलरचे विमान ८० हजारांना विमा केलेले असेल आणि दुरुस्तीचा खर्च ७० हजार निघाला, तर कंपनी दुरुस्तीऐवजी ८० हजार देऊन विमानच ताब्यात घेऊ शकते. दुरुस्त होऊ शकणारे विमान मालकाच्या हातून जाते आणि त्या पैशांत तसेच दुसरे मिळत नाही.

दुसरा भाग दायित्वाचा, म्हणजे प्रवाशांना, जमिनीवरच्या माणसांना किंवा मालमत्तेला झालेल्या हानीच्या भरपाईचा. अमेरिकेत सर्रास दिसणारी मर्यादा म्हणजे एका घटनेसाठी १० लाख डॉलर, पण त्यात प्रत्येक प्रवाशामागे एक लाख डॉलर. पहिला आकडा मोठा वाटतो आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष होते. शेजारच्या आसनावरचा मित्र दगावला, तर त्याच्या कुटुंबाला या पॉलिसीतून जास्तीत जास्त एक लाख डॉलर मिळतील. न्यायालयाने त्याहून जास्त भरपाई ठरवली, तर उरलेली रक्कम वैमानिकाच्या घरातून, बचतीतून किंवा त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसूल होऊ शकते. प्रवाशांसाठी वेगळी उपमर्यादा नसलेली पॉलिसीही मिळते. तिचा हप्ता अर्थातच जास्त असतो.

भाड्याने किंवा क्लबचे विमान उडवणाऱ्यांचा आणखी एक गैरसमज असतो. क्लबची पॉलिसी क्लबचे संरक्षण करते. विमा कंपनी क्लबला पैसे देऊन नंतर चूक करणाऱ्या वैमानिकाकडून ते वसूल करायला मोकळी असते. त्यासाठी भाडेकरू वैमानिकाने स्वतःची वेगळी पॉलिसी घ्यायची असते.

हा विमा सक्तीचा आहे का?

अमेरिकेत खासगी विमानासाठी विम्याची सक्ती करणारा केंद्रीय कायदा नाही. काही मोजक्या राज्यांत तशी अट आहे. प्रत्यक्षात मात्र कर्ज देणारी बँक, हँगर भाड्याने देणारा विमानतळ आणि फ्लाइंग क्लब विम्याचा आग्रह धरतात. युरोपात चित्र वेगळे आहे. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमानुसार खासगी विमानालाही तृतीय पक्षासाठीचा विमा बंधनकारक आहे आणि विमानाच्या वजनानुसार त्याची किमान रक्कम ठरलेली आहे.

बँकेचे कर्ज असलेल्या मालकाने एक कलम नीट समजून घेणे गरजेचे असते. मालकाने पॉलिसीची अट मोडली, तरी बँकेचे पैसे बुडू नयेत, अशी तरतूद बँका पॉलिसीत करून घेतात. त्यामुळे बँकेला रक्कम मिळते. पण ती रक्कम विमा कंपनी नंतर मालकाकडून मागू शकते. बँक सुटली म्हणजे मालक सुटला, असे होत नाही.

वैद्यकीय प्रमाणपत्राअभावी दावा कसा अडतो?

प्रत्येक पॉलिसीत ‘वैमानिकाविषयीची अट’ असते. विमान कोणी उडवायचे, त्याच्याकडे कोणता परवाना हवा, उड्डाणाचे किमान किती तास हवेत आणि वैद्यकीय पात्रता चालू असलीच पाहिजे, हे त्यात लिहिलेले असते. ही अट पूर्ण नसेल, तर त्या उड्डाणाला विम्याचे संरक्षण मुळात लागूच झाले नाही, असा युक्तिवाद विमा कंपनी करते. अपघात वाऱ्यामुळे झाला की टायर फुटल्यामुळे, हा प्रश्न तिच्या लेखी नंतरचा असतो.

न्यायालये याकडे कशी पाहतात, हे राज्यानुसार बदलते. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विमानमालकाच्या बाजूने निर्णय दिला. त्या प्रकरणात विमानाची वार्षिक तपासणी झालेली नव्हती, पण अपघात वैमानिकाच्या चुकीमुळे झाला होता. अटीचा भंग आणि अपघात यांचा संबंध नसेल, तर केवळ त्या भंगावर बोट ठेवून दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. अन्य अनेक राज्यांत मात्र न्यायालयांनी उलट भूमिका घेतली आहे. करारात काय लिहिले आहे ते महत्त्वाचे, संबंध दाखवण्याची गरज नाही, असे त्यांचे म्हणणे. सुरुवातीच्या उदाहरणातल्या ६२ वर्षांच्या वैमानिकाला पैसे मिळतील की नाही, हे त्यामुळे तो कोणत्या राज्यात राहतो आणि त्याच्या पॉलिसीतली वाक्ये कशी आहेत, यावर ठरेल. मिळाले, तरी बहुधा वकिलाच्या पायऱ्या झिजवल्यावरच.

विमा कंपन्यांना ‘बेसिकमेड’ चालते का?

सर्वसाधारणपणे चालते. चार आसनी साध्या विमानासाठी बहुतेक कंपन्या ‘बेसिकमेड’ आणि तिसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र यांत भेद करत नाहीत. पण सरकारने परवानगी दिली म्हणजे विमा कंपनीने दिली, असे नाही. पॉलिसी हा खासगी करार आहे आणि कंपनी कायद्यापेक्षा कडक अट घालू शकते. जुन्या पॉलिसीत ‘एफएएने दिलेले वैध वैद्यकीय प्रमाणपत्र’ असे शब्द असतील, तर ‘बेसिकमेड’ त्यात बसते का, यावर वाद होऊ शकतो. कारण ‘बेसिकमेड’ हे प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्राशिवाय उडण्याची ती मुभा आहे. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी दलालाकडून लेखी खुलासा घेणे शहाणपणाचे ठरते.

वयाचा मुद्दा याहून कळीचा आहे. साधारण सत्तरीनंतर विमा कंपन्या हात आखडता घेतात. काही दर वर्षी वैद्यकीय तपासणी मागतात, काही दर वर्षी प्रशिक्षकासोबत सरावाची अट घालतात, तर चाके आत घेणाऱ्या किंवा दोन इंजिनांच्या विमानाला काही कंपन्या सरळ नकार देतात. कायद्याने १२,५०० पौंडांपर्यंतचे विमान ‘बेसिकमेड’वर खुले झाले असले, तरी मोठ्या आणि महागड्या विमानासाठी कंपनी तिसऱ्या किंवा दुसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र मागू शकते. आकाशात जायला सरकारी परवानगी पुरते. विम्यासह जायला कंपनीचीही लागते.

आजार लपवला तर काय होते?

प्रमाणपत्र हातचे जाईल या भीतीने आजार न सांगण्याचा मोह अनेकांना होतो. त्याची किंमत दाखवणारे एक प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६४ पासून परवाना असलेल्या एका खासगी वैमानिकाला १९८५ मध्ये एचआयव्हीची लागण झाल्याचे कळले. तेव्हाच्या नियमांत अशा व्यक्तीला वैद्यकीय प्रमाणपत्र मिळत नव्हते, म्हणून त्याने उडणे थांबवले. १९९४ मध्ये त्याने आजाराची माहिती न देता पुन्हा प्रमाणपत्र मिळवले. पुढच्याच वर्षी त्याने सामाजिक सुरक्षा विभागाकडे अपंगत्वाच्या लाभासाठी अर्ज केला आणि तिथे आजार नमूद केला. सरकारच्या एका खात्याला एक आणि दुसऱ्याला दुसरे सांगितलेले हे सत्य अनेक वर्षे उघड झाले नाही.

२००२ मध्ये ‘ऑपरेशन सेफ पायलट’ सुरू झाले. उत्तर कॅलिफोर्नियातील सुमारे ४५ हजार वैमानिकांची नावे सामाजिक सुरक्षा विभागाच्या नोंदींशी ताडून पाहिली गेली. त्यात हा वैमानिक सापडला. त्याने गुन्हा कबूल केला. दोन वर्षांची परिविक्षा आणि एक हजार डॉलर दंड झाला, परवाना रद्द झाला. आपली खासगी माहिती खात्यांनी परस्पर वाटली, यासाठी मनस्तापाची भरपाई मागत तो न्यायालयात गेला. मार्च २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याची मागणी नाकारली. विशेष म्हणजे, नंतर सर्व वैद्यकीय माहिती सादर केल्यावर ‘एफएए’ने त्याला परवाना आणि वैद्यकीय प्रमाणपत्र पुन्हा दिले. जे लपवण्यासाठी इतका आटापिटा झाला, ते उघड केल्यावर उडायला परवानगी मिळाली.

हा प्रकार इतिहासजमा झालेला नाही. माजी सैनिकांना मिळणारे अपंगत्वाचे लाभ आणि त्यांनी वैमानिक म्हणून दिलेली माहिती यांत तफावत असल्याच्या संशयावरून सुमारे ४,८०० वैमानिकांची चौकशी झाल्याचे २०२३ मध्ये समोर आले. विम्याच्या दृष्टीने लपवाछपवी दुहेरी धोक्याची ठरते. विमा हा परस्पर विश्वासाचा करार आहे. अर्जातील महत्त्वाची माहिती खोटी निघाली, तर कंपनी केवळ दावा नाकारत नाही. पॉलिसी सुरुवातीपासूनच रद्दबातल ठरवण्याची मागणी करू शकते.

दरम्यान, नियमही पूर्वीइतके बंदिस्त राहिलेले नाहीत. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींना १९९६ पासून तिसऱ्या वर्गाची विशेष मंजुरी मिळू शकते. नैराश्यावरील काही ठरावीक औषधे घेणाऱ्यांसाठी २०१० पासून मार्ग खुला झाला आहे. एक व्यावहारिक बाब मात्र लक्षात ठेवावी लागते. तिसऱ्या वर्गासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला, तर ‘बेसिकमेड’चा आणि वाहन परवान्यावर उडण्याचा, असे दोन्ही मार्ग बंद होतात. त्यामुळे नवा आजार झाला असेल, तर आधी तपासनीसाचा केवळ सल्ला घ्यावा, अहवाल जमवावेत आणि मगच अर्ज भरावा, असे जाणकार सांगतात.

कागद वैध असला की पुरे का?

नाही. प्रमाणपत्र चालू असले, तरी आपल्याला उडण्यास अपात्र ठरवणारा आजार झाला आहे किंवा तशी औषधे सुरू आहेत, हे ठाऊक असताना विमान उडवण्यास अमेरिकी नियमांत मनाई आहे. ‘बेसिकमेड’वर असलेल्यांनाही हेच लागू होते. सर्दीवरच्या साध्या गोळीने गुंगी येत असेल, तरी तो दिवस जमिनीवर काढायचा. या निर्णयाची जबाबदारी प्रत्येक उड्डाणापूर्वी वैमानिकाचीच असते आणि अपघातानंतर तपासनीस तेच विचारतात.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात ‘बेसिकमेड’सारखी सोय नाही. खासगी वैमानिक परवान्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे ‘डीजीसीए’च्या यादीवरील डॉक्टरकडून दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. व्यावसायिक परवान्यासाठी पहिला वर्ग लागतो. त्यामुळे बारामती किंवा गोंदियात प्रशिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या मुलांना पैसे भरण्याआधी या दोन्ही तपासण्या उरकून घेण्याचा सल्ला दिला जातो. लाखो रुपये शुल्क भरल्यावर दृष्टीचा किंवा हृदयाचा दोष कळणे परवडणारे नसते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांत खासगी वैमानिकासाठी चाळिशीपर्यंत ६० महिने आणि त्यानंतर २४ महिने ही कमाल मुदत आहे. ब्रिटनने २०१६ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये ठरावीक मर्यादेत वैमानिकाच्या स्वघोषणेचा मार्ग स्वीकारला.

भारतात स्वतःचे विमान स्वतः उडवणारे थोडे. बहुतेक खासगी विमाने कंपन्यांची असतात आणि पगारी वैमानिक ती चालवतात. तरी विम्याचा प्रश्न इथेही तोच आहे. मोटार विम्याच्या एका प्रकरणात १९९६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मालवाहू गाडीत मर्यादेपेक्षा जास्त माणसे होती एवढ्यावरून दावा पूर्ण नाकारणे अमान्य केले होते. जादा माणसांमुळे अपघात झालेला नव्हता, हे न्यायालयाने पाहिले. पण चालकाकडे वैध परवानाच नसणे, हा भंग न्यायालये याहून गंभीर मानतात. वैद्यकीय पात्रतेविना विमान उडवणे कोणत्या बाजूला झुकेल, हे पॉलिसीच्या शब्दांवर ठरेल. त्याची परीक्षा आपल्या अपघातात घेण्याची वेळ कोणावर येऊ नये.

भारतीय कुटुंबांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची. अनेक वैयक्तिक अपघात विमा योजनांत आणि आयुर्विम्याच्या अपघात-लाभात ‘तिकीट काढून प्रवास करणारा प्रवासी’ वगळता अन्य कोणत्याही प्रकारे हवाई उड्डाणात भाग घेणे वगळलेले असते. प्रशिक्षणार्थी वैमानिक, हौशी वैमानिक आणि मित्राच्या विमानात फेरफटका मारणारा पाहुणा, हे तिघेही त्या अपवादात येऊ शकतात. अमेरिकेत राहणाऱ्या मुलाने विमान शिकायला घेतले असेल आणि सुट्टीत भेटायला गेलेले आईवडील त्याच्या शेजारी बसणार असतील, तर त्यांच्याही पॉलिसीतले हे कलम वाचायला हवे.

उड्डाणाआधी काय तपासावे?

वैद्यकीय प्रमाणपत्राची किंवा ‘बेसिकमेड’च्या दोन्ही कागदांची शेवटची तारीख स्वतंत्रपणे लिहून ठेवावी. ‘बेसिकमेड’वर आल्याचे विमा कंपनीला लेखी कळवावे आणि तिचे उत्तर जपून ठेवावे. पॉलिसीत वैमानिकाविषयीची अट, प्रत्येक प्रवाशामागची मर्यादा आणि विमानाची मान्य किंमत या तीन गोष्टी पाहाव्यात. मित्राला विमान चालवायला देणार असाल, तर त्याचे नाव किंवा त्याचा अनुभव अटीत बसतो का, हे आधी विचारावे. वाहन परवाना, औषधे किंवा तब्येत यांत बदल झाला, तर तो बदल विम्यातही पोहोचला पाहिजे. या सगळ्याला मिळून अर्धा तास लागतो. तो न दिल्याची किंमत अनेकदा वैमानिकाला नव्हे, तर त्याच्या मागे राहिलेल्या कुटुंबाला आणि शेजारच्या आसनावरच्या माणसाच्या घरच्यांना मोजावी लागते.